पोलादातील भेगा आणि पोटातले बाळ

सदाशिव पेठेतील एखादे जुने प्रसूतिगृह असो, रास्ता पेठेतील केईएम असो, की स्टेशनजवळचे ससून. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचे दृश्य सगळीकडे सारखेच असते. बाकावर बसलेली गरोदर स्त्री पाण्याची बाटली संपवीत असते. लघवी रोखून धरण्याची सूचना तिला मिळालेली असते. समोरच्या भिंतीवर, येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, असे बजावणारी पाटी असते. ती बाटली आणि ती पाटी या दोन्हींचा माग काढत गेले, की स्कॉटलंडमधील एका तापट, उंचापुऱ्या आणि हृदयाच्या दुखण्याने ग्रासलेल्या प्रसूतितज्ज्ञापाशी येऊन थांबावे लागते. त्यांचे नाव इयन डोनाल्ड. पोटातले बाळ आईला इजा न करता पडद्यावर दाखविण्याचे तंत्र त्यांनी प्रसूतिशास्त्रात रुजविले. त्या तंत्राचा पुढे जो उपयोग झाला, त्यातील काही त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्याने ते व्यथित झाले. काही मात्र त्यांच्या निधनानंतर आपल्याकडे घडले.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या लिस्कर्ड येथे झाला. घराणे मूळचे स्कॉटिश आणि पिढीजात डॉक्टरांचे. आई पियानोवादक होती. वडिलांची प्रकृती तोळामासा असल्याने हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिले. तेथे १९२७ मध्ये आई घटसर्पाने गेली आणि अवघ्या काही महिन्यांत वडीलही गेले. सोळा-सतरा वर्षांचा इयन पोरका झाला. केपटाऊन विद्यापीठातून त्याने कला शाखेची पदवी घेतली. भाषा, संगीत आणि तत्त्वज्ञान यांची जी गोडी त्या काळात लागली ती त्याला जन्मभर पुरली. वैद्यकाचे शिक्षण मात्र लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाले. १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी ॲलिक्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार मुली झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. पेटलेल्या आणि बॉम्ब लादलेल्या विमानात शिरून त्यांनी जखमी वैमानिकांना बाहेर काढले आणि त्याबद्दल त्यांना शौर्याचा सन्मान मिळाला. चरित्रकार या प्रसंगावर भर देतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पुढच्या कामाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले ते वेगळेच. हवाई दलात त्यांचा रडार आणि सोनार या दोन तंत्रांशी जवळून परिचय झाला. पाण्याखालच्या पाणबुडीचा ठाव ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून लावता येतो, हे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील पॉल लान्जव्हँ यांच्या प्रयोगांतून दिसले होते. डॉक्टर मंडळींना त्यात रस असण्याचे कारण नव्हते. डोनाल्ड यांना होता. यंत्र दिसले की ते उघडून पाहण्याची त्यांना खोडच होती.

युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी पहिले लक्ष वळविले ते जन्मताच श्वास न घेणाऱ्या बालकांकडे. अशा बालकांच्या श्वासोच्छ्वासाला साहाय्य करणारी यंत्रे त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केली. सहकारी त्यांच्या या यंत्रवेडाची थट्टा करीत. १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी जॉन वाइल्ड यांचे व्याख्यान ऐकले. अमेरिकेत स्थायिक झालेले हे इंग्रज शल्यचिकित्सक ध्वनितरंगांच्या साहाय्याने स्तनातील गाठी तपासत होते. मानवी कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वैद्यकात वापरले जाणारे तरंग लक्षावधी कंपनांचे असतात. ते शरीरात शिरतात आणि जेथे एक ऊती संपून दुसरी सुरू होते तेथून त्यांचा काही अंश परत फिरतो. मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. त्यामुळे प्रतिध्वनी किती वेळाने परतला यावरून तो किती खोलवरून आला हे कळते. डोनाल्ड यांच्या मनात प्रश्न आला तो साधा होता: स्त्रीच्या पोटातील गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, हे पोट न उघडता अशा प्रतिध्वनीवरून सांगता येईल का?

ग्लासगो हे तेव्हा जहाजांचे आणि बॉयलरचे शहर होते. अणुवीज केंद्रांसाठी बॉयलर बनविणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीचा कारखाना जवळच रेन्फ्रू येथे होता. जाड पोलादी पत्र्याच्या आत भेग राहिली आहे का, हे तेथे ध्वनितरंगांनी तपासले जाई. डोनाल्ड यांच्या एका रुग्ण स्त्रीचे पती या कंपनीच्या संचालकांपैकी होते. त्यांच्या ओळखीने कारखान्याची दारे उघडली. २१ जुलै १९५५ रोजी प्राध्यापक महाशय मोटारीच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी भरून कारखान्यात पोचले. त्यात गर्भाशयाच्या भरीव गाठी होत्या आणि बीजांडकोशाची द्रवाने भरलेली गाठही होती. तुलनेसाठी कंपनीने गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पोलाद तपासणाऱ्या यंत्राने भरीव गाठ आणि द्रवाची गाठ यांत स्पष्ट भेद दाखविला. द्रवातून तरंग अडथळ्याविना पुढे जात आणि पलीकडच्या भिंतीवरून एकच ठळक प्रतिध्वनी येई. भरीव गाठीत मात्र वाटेत असंख्य लहान प्रतिध्वनी उमटत. वैद्यकाच्या इतिहासातील महत्त्वाच्या दिवसांपैकी एक दिवस असा बॉयलरच्या कारखान्यात साजरा झाला.

रुग्णालयात प्रयोग सुरू करण्यासाठी डोनाल्ड यांनी लंडनहून एक जुने यंत्र उसने आणले. ते फारसे उपयोगी नव्हते. तेव्हा केल्विन अँड ह्यूज या उपकरण कंपनीतील टॉम ब्राऊन या विशीतल्या अभियंत्याच्या कानावर आले, की कोणी प्राध्यापक धातू तपासण्याचे यंत्र माणसांवर वापरीत आहे. या तरुणाने सरळ फोन उचलला आणि डोनाल्ड यांची भेट मागितली. त्यांच्याकडील यंत्राची अवस्था पाहून त्याने आपल्या कंपनीतून चांगले यंत्र मिळवून दिले. डोनाल्ड, त्यांचे तरुण सहकारी डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन असे त्रिकूट जमले. सोनोग्राफीचे श्रेय केवळ डोनाल्ड यांना देण्याची पद्धत आहे. ती अर्धवट आहे. ब्राऊन नसता तर डोनाल्ड यांची कल्पना बहुधा काही निबंधांपुरती उरली असती.

प्रारंभी जे यंत्र वापरात होते ते आज ए-स्कॅन म्हणून ओळखले जाते. पडद्यावर फक्त एक आडवी रेषा आणि तिच्यावर उभे राहिलेले सुळके. सुळका कोठे आहे यावरून खोली कळे, उंचीवरून प्रतिध्वनीचा जोर कळे. चित्र असे नव्हतेच. ते वाचणे म्हणजे अंधारात काठी आपटत खोलीचा नकाशा ओळखण्यासारखे होते. ब्राऊनने विचार केला, की काठी एकाच ठिकाणी न आपटता पोटावरून फिरवत नेली आणि प्रत्येक प्रतिध्वनी त्याच्या जागी प्रकाशाचा ठिपका म्हणून मांडला तर पोटाचा आडवा छेद दिसेल. हाच बी-स्कॅन. अमेरिकेत डेन्व्हर येथे डग्लस हौरी हेच करू पाहत होते, परंतु त्यांच्या पद्धतीत रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसावे लागे. त्यासाठी त्यांनी लष्करी विमानाचा तोफा ठेवण्याचा घुमट वापरला होता. आजारी किंवा गरोदर स्त्रीला असे पाण्यात बसविणे कसे शक्य होणार? ब्राऊनच्या यंत्रातील शोधक कांडी थेट त्वचेवर फिरे. मध्ये हवा राहू नये म्हणून पोटाला ऑलिव्ह तेल चोपडले जाई. आज पुण्यातल्या केंद्रात पोटावर जी थंडगार जेल पडते तिचे मूळ त्या तेलात आहे.

तरीही इतर डॉक्टरांना हे सारे चाळे वाटत होते. ज्या घटनेने वारे फिरले ती एका अत्यवस्थ स्त्रीची होती. पोट फुगलेले, वजन झपाट्याने घटत चाललेले, उलट्या सुरू. जठराचा कर्करोग पोटभर पसरला असून आता करण्यासारखे काही नाही, असे निदान झाले होते. डोनाल्ड यांना यंत्र दाखविण्यासाठी म्हणून तिला तपासण्यास बोलावले गेले. पडद्यावर दिसले ते कर्करोगाचे पाणी नसून एका प्रचंड गाठीचे आवरण होते. शस्त्रक्रिया झाली, बीजांडकोशाची ती निरुपद्रवी गाठ निघाली आणि बाई बरी होऊन घरी गेली. त्यानंतर ग्लासगोत कोणी हसले नाही. ७ जून १९५८ च्या द लॅन्सेट या नियतकालिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य विषय पोटातील गाठी हाच होता, परंतु त्यात गरोदर गर्भाशयाच्या प्रतिमाही होत्या. धुरकट, ठिपक्यांच्या, सरावाशिवाय न कळणाऱ्या.

त्या काळी पोटातील बाळाविषयी डॉक्टरला जे कळे ते हातांनी चाचपून, कान लावून आणि नाइलाज झाल्यास क्ष-किरणांनी. जुळी आहेत का, डोके खाली आहे का, हे पाहण्यासाठी गरोदर स्त्रीचा क्ष-किरण फोटो सर्रास काढला जाई. १९५६ मध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी, गर्भावस्थेत क्ष-किरणांना सामोऱ्या गेलेल्या बालकांत पुढे कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते, असा इशारा दिला. प्रारंभी त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, पण पुरावा साचत गेला. ध्वनितरंगांच्या तपासणीला याहून मोठे कारण दुसरे नव्हते. यात किरणोत्सर्ग नव्हता. डोनाल्ड मात्र याबाबतही गाफील नव्हते. ध्वनीही ऊर्जाच आहे आणि ती गर्भाला अपाय करीत नाही हे तपासून पाहिले पाहिजे, हा आग्रह त्यांनी आरंभापासून धरला. विनाकारण आणि लांबलचक तपासणी टाळावी, हा नियम त्यातूनच आला आणि आजही पाळला जातो.

१९५९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की गर्भाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंकडून स्वच्छ प्रतिध्वनी मिळतात. म्हणजे कवटीची रुंदी मोजता येईल. ती दर काही आठवड्यांनी मोजली तर बाळ वाढते आहे की खुंटले आहे, हे कळेल. गर्भाची वाढ मोजणे ही कल्पनाच तोवर अस्तित्वात नव्हती. जेम्स विलॉक्स आणि नंतर स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी ही मोजणी पक्की केली. १९७३ मध्ये ग्लासगोचेच ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय ठरविण्याची रीत दिली. आज अहवालात प्रसूतीची अपेक्षित तारीख छापलेली असते. मासिक पाळीची तारीख नीट आठवत नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती या मोजमापावरूनच येते. पहिल्या तीन महिन्यांतील मोजणी सर्वांत अचूक असते. उशिरा केलेल्या मोजणीत चुकीची शक्यता वाढत जाते, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढू लागलेले असते.

आता त्या पाण्याच्या बाटलीकडे येऊ. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटात खोल, आतड्यांच्या मागे दडलेले असते. आतड्यांत वायू असतो आणि वायूपाशी ध्वनितरंग अडून माघारी फिरतात. त्यामुळे तीन महिन्यांच्या आतील गर्भ दिसतच नसे. १९६३ मध्ये डोनाल्ड यांना आढळले, की मूत्राशय भरलेले असेल तर ते आतड्यांना बाजूला सारते आणि द्रवाने भरलेली एक खिडकी तयार होते. तिच्यातून सहा-सात आठवड्यांच्या गर्भाची पिशवी दिसू लागली. शोध म्हटला तर किती लहान! ना नवे यंत्र, ना पैसा. पण गर्भधारणा झाली आहे का, ती गर्भाशयातच आहे की नळीत, गर्भपात होऊ घातला आहे का, या प्रश्नांची उत्तरे त्यामुळे पहिल्यांदा मिळू लागली.

यंत्रही बदलत होते. डुगाल्ड कॅमेरॉन या ग्लासगोच्या कलाशाळेतील विद्यार्थ्याने त्याला बाह्यरूप दिले आणि डायसोनोग्राफ या नावाने ते विक्रीला आले. स्वीडनमधील लुंड येथील डॉ. बर्टिल सुंदेन हे त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. १९६४ मध्ये ग्लासगोत क्वीन मदर्स रुग्णालय उभे राहिले. ते मिळविण्यासाठी डोनाल्ड यांनी अनेक वर्षे भांडण मांडले होते. तेथे जगभरचे डॉक्टर शिकायला येऊ लागले.

परंतु डोनाल्ड यांच्या यंत्रातील चित्र स्थिर होते. कांडी हाताने फिरवून एकेक छेद उमटवावा लागे, आणि बाळ मध्येच हलले तर चित्र पुसट होई. सीमेन्स कंपनीने १९६५ मध्ये आणलेल्या व्हिडोसन या यंत्राने चित्रे एकामागोमाग एक इतक्या वेगाने दाखविली, की बाळ हलताना दिसू लागले. आजची नेहमीची सोनोग्राफी ती हीच, हलत्या चित्रांची. बाकी सारे प्रकार तिच्यावर चढविलेले साज आहेत. गरोदर स्त्रीच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर वेगवेगळी नावे लिहिलेली असतात. त्यांतील कोणती तपासणी कशासाठी, हा गोंधळ घरोघरी असल्याने येथे थोडे थांबलेले बरे.

पोटावरून होणाऱ्या तपासणीत तरंगांना चरबी आणि स्नायू ओलांडून खोल जावे लागते. त्यासाठी कमी कंपनसंख्येचे तरंग लागतात आणि त्यांनी मिळणारे चित्र काहीसे ढोबळ असते. योनिमार्गातून होणाऱ्या तपासणीत, जी १९८० च्या दशकात रूढ झाली, कांडी गर्भाशयाच्या अगदी जवळ पोचते. तेथे अधिक कंपनसंख्येचे तरंग चालतात आणि चित्र अधिक रेखीव येते. या तपासणीला मूत्राशय भरलेले नव्हे, रिकामे लागते. एकीला पाणी पी म्हणतात, दुसरीला लघवीला जाऊन ये म्हणतात, याचे रहस्य एवढेच. पाच-सहा आठवड्यांचा गर्भ, नळीतील गर्भ आणि गर्भाशयाच्या मुखाची लांबी यांसाठी आतून केलेली तपासणी सरस ठरते. बाळ मोठे झाले की ते आतल्या कांडीच्या टप्प्यात मावत नाही आणि पोटावरची तपासणीच कामाची.

गर्भाशयाच्या मुखाचा उल्लेख आला की आपल्या माणसाची आठवण येणे क्रमप्राप्त आहे. गोव्यातील शिरोडा गावचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी, गर्भाशयाचे मुख अकाली उघडून वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी टाका घालण्याची शस्त्रक्रिया मुंबईत विकसित केली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोनाल्ड मोटारीत गाठी घालून कारखान्यात गेले तेही हेच वर्ष. शिरोडकरांना मुख सैल झाले आहे हे बोटांनी आणि रुग्णेच्या पूर्वेतिहासावरून ओळखावे लागे. आज अनेकदा टाका घालावा की नाही हे आतून केलेल्या सोनोग्राफीत मिलिमीटर मोजून ठरते. मुंबईचा टाका आणि ग्लासगोचा पडदा असे एकाच रुग्णेच्या बिछान्यापाशी भेटले.

डॉप्लर हा प्रकार वेगळा. शिवाजीनगर स्थानकातून न थांबता निघून जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. ध्वनीचा हा बदल ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये गणिताने मांडला होता. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या तरंगांतही तोच बदल होतो. १९७७ मध्ये डब्लिनच्या फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी नाळेतील रक्तप्रवाह या पद्धतीने तपासला. साधी सोनोग्राफी बाळ लहान आहे एवढे सांगते. ते निसर्गतःच लहान चणीचे आहे की वारेतून त्याला रक्त अपुरे मिळते आहे, हे डॉप्लर सांगतो. रक्तदाब वाढलेल्या किंवा बाळाची वाढ खुंटलेल्या गर्भारपणात प्रसूती आज करावी की आणखी आठवडाभर थांबावे, हा निर्णय पुष्कळदा त्यावरच ठरतो.

आणि त्रिमिती? जपानमध्ये काझुनोरी बाबा यांनी १९८० च्या दशकात गर्भाची त्रिमिती प्रतिमा घडविली. संगणक स्वस्त आणि वेगवान होताच ती सर्वत्र पोचली. तिच्यात हालचाल मिसळली की तिला चौमिती म्हणतात. फाटलेला ओठ किंवा मणक्याचा काही दोष समजून घेण्यास ती उपयोगी पडते. परंतु नाकीडोळी दिसणारा गोड चेहरा म्हणजे अधिक सखोल तपासणी, ही समजूत चुकीची आहे. बाळाचे अवयव तपासण्याचे मुख्य काम आजही साध्या, करड्या रंगाच्या द्विमिती चित्रावरच होते. अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान मानेमागील द्रवाची जाडी मोजली जाते आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडे पाहिली जातात, ती याच चित्रांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी किमान एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली. अल्बमसाठी फोटो हा त्यातील हेतू नव्हे.

डोनाल्ड यांच्या आयुष्यातील खरा पेच मात्र यंत्राचा नव्हता. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये गर्भपाताला मुभा देणारा कायदा येऊ घातला, तेव्हा त्याच्या विरोधकांत ते आघाडीवर होते. गर्भपाताचा विचार करणाऱ्या स्त्रियांना ते हलणारा गर्भ पडद्यावर दाखवीत. पाहिल्यावर त्यांचे मन बदलेल, असा त्यांचा विश्वास होता. अडचणीत असलेल्या स्त्रीवर हा दबाव आहे, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि ती गैर म्हणता येणार नाही. दुसरीकडे, त्यांनीच घडविलेल्या यंत्राने गंभीर व्यंगे जन्मापूर्वी दिसू लागली आणि त्यातून गर्भपाताचे निर्णय होऊ लागले. जीव वाचविण्यासाठी आणलेले साधन आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध वापरले जात आहे, हे त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात पाहावे लागले. भारतातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला. चोवीस आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या हृदयात दोष आढळल्याने २००८ मध्ये एका दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी ती चोवीस आठवड्यांपर्यंत नेणारी आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ती उठविणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली.

महाराष्ट्रात या यंत्राला जे वळण लागले ते डोनाल्ड यांच्या कल्पनेपलीकडचे असावे. मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडून टाकण्यासाठी आधी गर्भजल परीक्षेचा आणि मग सोनोग्राफीचा वापर होऊ लागला. गर्भजल काढण्यासाठी सुई लागे, खर्च येई, धोका असे. सोनोग्राफीला यांतले काहीच लागत नव्हते. स्त्री संघटनांच्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी मात्र नावापुरतीच राहिली. तेव्हा सेहत, पुण्यातील मासूम म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने राज्यांना धारेवर धरले आणि २००३ मध्ये सुधारित कायदा आला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा तपशीलवार अर्ज आणि भिंतीवरची ती पाटी, हे सारे या कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे.

आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. कायदा असताना झालेली ही घट आहे. सुशिक्षित आणि सुखवस्तू वस्त्यांनी त्यात हातभार लावला नाही, असे पुण्यासारख्या शहराला म्हणता येणार नाही. यंत्राला मुलगा-मुलगी हा भेद नसतो. पडद्यासमोर बसलेल्याला आणि बाहेर बाकावर थांबलेल्या नातेवाइकांना तो असतो. दुसरीकडे, याच यंत्रामुळे वार खाली असल्याचे वेळीच कळून रक्तस्रावापासून वाचलेल्या, आडवे बाळ आधीच लक्षात येऊन शस्त्रक्रियेची तयारी झालेल्या मातांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ती ठेवली असती तर तोही आकडा लहान नसता.

डोनाल्ड यांना हे दुसरे चित्र दिसले होते, पहिले फारसे नाही. त्यांच्या हृदयाची झडप निकामी होत होती. १९६० च्या दशकापासून त्यांच्यावर हृदयाच्या तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. आजारपणातही वर्ग, शस्त्रक्रिया आणि वाद यांतील त्यांचा उत्साह ओसरला नाही. दुसऱ्यांदा झडप बदलल्यावर रुग्ण म्हणून आलेला अनुभवही त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहून काढला. १९७३ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि एसेक्समधील पॅगलशॅम या खाडीकाठच्या गावी जाऊन राहिले. तेथेच १९ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

टॉम ब्राऊन यांच्या वाट्याला कीर्ती उशिरा आली. त्यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाअखेर ग्लासगोतील कारखाना बंद केला आणि सोनोग्राफीचा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती गेला. १९७० च्या दशकात ब्राऊन यांनी त्रिमिती चित्रे देणारे यंत्र तयार केले होते. जगाला त्याची गरज वाटायला अजून दोन दशके होती. यंत्र बाजारात चालले नाही आणि या क्षेत्रातून बाहेर पडून त्यांना अन्यत्र नोकरी धरावी लागली. ते २०१९ मध्ये निवर्तले. ज्या क्वीन मदर्स रुग्णालयासाठी डोनाल्ड यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, ते जानेवारी २०१० मध्ये बंद झाले आणि तेथील प्रसूती विभाग शहरातील दुसऱ्या रुग्णालयात हलविण्यात आला.